पडणे, पाडणे आणि मोजणे

'गर्भपात' या शब्दात पाडणारा कोणीच नाही. संस्कृत 'पत्' म्हणजे पडणे. उल्कापात, अश्रुपात यांतला 'पात' तोच. हाच धातू प्राकृतातून मराठीत आला आणि 'पडणे' झाला. म्हणजे आजीच्या तोंडचं 'पोट पडलं' आणि पोथीतला 'गर्भपात' एकाच मुळाचे. तरीही आज गर्भपात म्हटलं की आठवतो तो मुद्दाम केलेला. 1971 च्या कायद्यालाही आपण 'वैद्यकीय गर्भपात कायदा' म्हणतो. बोलीने मात्र पडणे आणि पाडणे हा भेद कधी सोडला नाही. पोट पडतं ते आपोआप, पाडलं जातं ते कुणाच्या तरी हातून.

इंग्रजीतही हीच गत झाली. 'अबॉर्शन'च्या मुळाशी लॅटिन 'ओरिरी' आहे, म्हणजे उगवणे, जन्मणे. त्याआधी दूर जाणं, बिघडणं दाखवणारा 'अब' लागला की उगवता उगवता राहून जाणे. आपोआप पडलेल्या गर्भालाही डॉक्टर हाच शब्द लावत. 1985 साली रिचर्ड बिअर्ड आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये पत्र लिहून सुचवलं की अशा वेळी 'मिसकॅरेज' म्हणावं, कारण दुसऱ्या शब्दाने बायका दुखावतात. अर्थात 'मिसकॅरेज'ही निर्दोष नाही. 'नीट वाहून नेलं नाही' असा आईवरचा ठपका त्याच्या घडणीतच आहे.

शब्द कोणता, याइतकाच तो कुठपर्यंत लागू, हाही प्रश्न आहे. सुश्रुताने सीमा आखली होती: चौथ्या महिन्यापर्यंत गर्भाचा स्राव, म्हणजे वाहून जाणे, पुढे शरीर घट्ट झाल्यावर पाचव्या-सहाव्या महिन्यात पात. आजच्या सीमा आठवड्यांच्या आहेत आणि त्या देशागणिक बदलतात. ब्रिटनमध्ये 24 आठवड्यांनंतर मृत बाळ जन्मलं तर तो मृतजन्म. 1992 पूर्वी ही रेषा 28 वर होती. आपल्या 1961 च्या प्रसूती लाभ कायद्याने 26 व्या आठवड्यापर्यंतच्या घटनेला गर्भपात धरलं आणि त्यानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. 25 व्या आठवड्यात गेलेलं मूल तिथे एका रकान्यात पडतं, इथे दुसऱ्या.

संशोधनात हा रकानाच निकाल ठरवतो. वारंवार गर्भ पडणाऱ्या स्त्रियांना प्रोजेस्टेरॉन देऊन पाहणाऱ्या 'प्रॉमिस' चाचणीत (2015) यश म्हणजे 24 आठवड्यांनंतरचा जिवंत जन्म. सुरुवातीच्या महिन्यांत रक्तस्राव झालेल्या 4153 स्त्रियांवरच्या 'प्रिझम'मध्ये (2019) तीच रेषा 34 आठवड्यांवर गेली. तिथे तेच औषध घेणाऱ्यांत 75 टक्के, न घेणाऱ्यांत 72 टक्के जिवंत जन्म झाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. 2006 च्या 'मिस्ट' चाचणीत गर्भ आधीच गेलेला होता, त्यामुळे तो वाचवण्याचा प्रश्नच नव्हता. वाट पाहावी, गोळ्या द्याव्यात की पिशवी साफ करावी, हे त्या चाचणीला ठरवायचं होतं आणि मुख्य मोजमाप होतं जंतुसंसर्गाचं. तो तिन्ही गटांत 2 ते 3 टक्केच निघाला. तिन्ही चाचण्या आपापल्या जागी चोख. पण एकीचं 'यश' दुसरीच्या यशाशेजारी मांडून तुलना करता येत नाही.

चाचण्यांत जे मोजलं जातं त्या 'आउटकम'ला आपण 'फलनिष्पत्ती' म्हणतो. जिथे फळच हाती आलं नाही तिथे हा शब्द बोचतो. साधं 'परिणाम' पुरे, कारण त्यात बाईच्या प्रकृतीला, मनाला आणि पुढच्या दिवस राहण्यालाही जागा मिळते. केसपेपर लिहिणाऱ्यांना आणि पाहणीचे फॉर्म भरून घेणाऱ्यांना एवढंच सांगणं: नुसतं 'गर्भपात' लिहून थांबू नका. पडला की पाडला, आणि कितव्या आठवड्यात, हे दोन्ही लिहा.