ग्राहकाने चेक थांबवला, तर पैसे कसे मिळवावेत?

पनवेलमध्ये आपण फर्निचर करून दिले, ग्राहकाने चेक दिला आणि मग बँकेला सांगून पेमेंट थांबवले. आता काय? आपल्याला वाटते, पैसे बुडाले. तसे नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ च्या कलम १३८ खाली हाही गुन्हा ठरू शकतो. सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये मोदी सिमेंट्स प्रकरणात तसा निकाल दिला आहे.

मात्र तारखा सांभाळाव्या लागतात:

१. चेक त्यावरील तारखेपासून ३ महिन्यांत बँकेत भरावा.
२. परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी, पोस्टाची पावती जपावी.
३. नोटीस मिळून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार करावी. आपले खाते पनवेलच्या शाखेत असेल, तर केस पनवेललाच चालते.

शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

माल खराब होता म्हणून पेमेंट थांबवले, असे ग्राहक कोर्टात सांगू शकतो. म्हणून माल देतानाच बिलावर आणि चलनावर त्याची सही घ्यावी. ओळखीचा माणूस असला तरी घ्यावी.