बुडिताच्या पाण्यावरची सहल

महाराष्ट्रातल्या मोठ्या नद्या सांगा, असे वर्गात विचारले की गोदावरी, कृष्णा, भीमा, तापी ही नावे धडाधड येत. नर्मदेचे नाव सहसा कोणी घेत नसे. मी नकाशावर छडी टेकवून म्हणायचो, "अरे बाबांनो, ह्या राज्याची वरची कड बघा." सुमारे ५४ किलोमीटर नर्मदा आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. एकूण १३१२ किलोमीटरच्या प्रवासात तिने महाराष्ट्राला दिलेला हा एवढाच सहवास. पण ह्या ५४ किलोमीटरचा इतिहास मोठा आहे, आणि त्यावर सविस्तर लिहायचे बरेच दिवस मनात होते.

निमित्त घरातलेच मिळाले. पुण्याचा पुतण्या सहकुटुंब आला होता. त्याने कुठेतरी चलचित्र पाहिले होते: हिरवे डोंगर, निळेशार पाणी, मधोमध एक बोट. "काका, आपल्यापुरती एक बोट भाड्याने घेऊ, दिवसभर फिरू. शिडाची मिळाली तर बहारच!" मी त्याला म्हटले, शिडाची मिळणार नाही, डिझेलचे इंजिन फटफटवणारी मिळेल. आणि ते पाणी कसले आहे ते आधी ऐकून घे, मग जाऊ. तेव्हा त्याला जे सांगितले तेच थोडे व्यवस्थित मांडून इथे लिहितो आहे.

आधी शिडाचे. नर्मदेवर शिडाची जहाजे चालत, पण ती पार खाली, समुद्राजवळ. भडोच म्हणजे प्राचीन भृगुकच्छ. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या प्रवासवर्णनात ते 'बारिगाझा' ह्या नावाने येते आणि तिथल्या भरती-ओहोटीच्या धोक्यांचे वर्णनही येते. आपल्या बाजूला मात्र सातपुडा आणि विंध्य दोन्हीकडून इतके जवळ येतात की नदी खडकांच्या घळईतून उड्या मारत जायची. एका ठिकाणाचे नावच हिरणफाळ. हरणाने एका झेपेत पलीकडे जावे इतके अरुंद पात्र, असा त्या नावाचा अर्थ. अशा पाण्यात जहाज काय चालणार? काठच्या भिल्ल-पावरा लोकांकडे झाडाचा बुंधा कोरून केलेली डोंगी असे. पलीकडे जायला, मासे धरायला तेवढी पुरे. बाकी सगळे येणे-जाणे पायवाटेने.

परिक्रमावासी ह्याच भागाला शूलपाणीची झाडी म्हणतात. इथे यात्रेकरूला लुटतात, अंगावरचे कपडेही ठेवत नाहीत, असे पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले. आपल्या गो. नी. दांडेकरांनी ही परिक्रमा पायी केली होती आणि 'कुणा एकाची भ्रमणगाथा' त्या अनुभवातून उतरली. परिक्रमेचा एक कडक नियम आहे: नर्मदा ओलांडायची नाही. फक्त समुद्राच्या मुखाशी विमलेश्वराहून मिठीतलाईला नावेने जायचे, तेवढीच एक मुभा. म्हणजे ज्या नदीवर श्रद्धाळू माणूस नाव घालायला कचरत होता, तिथे आज नावेवाचून पान हलत नाही. हे कसे झाले?

५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी नवागामजवळ धरणाची कोनशिला बसवली. मी तेव्हा शाळकरी पोरगा होतो. एक वर्षापूर्वीच महाराष्ट्र राज्य झाले होते आणि आमचा पश्चिम खानदेश धुळे जिल्हा झाला होता. (नंदुरबार वेगळा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडला.) पुढे पाणी कोणाला किती ह्यावर राज्यांचे जुळेना, म्हणून १९६९ साली लवाद नेमला गेला. त्याचा अंतिम निवाडा यायला १९७९ चा डिसेंबर लागला. धरणाची उंची १३८.६८ मीटर ठरली. वीज मध्य प्रदेशला ५७ टक्के, महाराष्ट्राला २७ आणि गुजरातला १६. पाण्यात मात्र आपला वाटा अगदी थोडा: वाटपाला घेतलेल्या २८ दशलक्ष एकर-फुटांपैकी पाव दशलक्ष.

आता दुसरी बाजू. भरलेला जलाशय २१४ किलोमीटर लांब, सरासरी पावणेदोन किलोमीटर रुंद. त्यात महाराष्ट्राची ३३ गावे, नऊ अक्कलकुवा तालुक्यातली आणि चोवीस अक्राणीतली. सुमारे साडेनऊ हजार हेक्टर क्षेत्र, त्यात साडेसहा हजारांच्या आसपास एकटे जंगलच. मी विद्यार्थ्यांना हे आकडे सांगायचो तेव्हा एक गोष्ट मुद्दाम लक्षात आणून द्यायचो. नदीकाठच्या आदिवासीला जंगल म्हणजे मोह, डिंक, चारा, औषध आणि घराचे लाकूड. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचे काय बुडाले, हे मोजायचे कोणत्या रकान्यात?

पुढचा इतिहास अनेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १९८५ साली जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. मेधाताई पाटकरांच्या नेतृत्वाखाली नर्मदा बचाओ आंदोलन उभे राहिले. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने जून १९९२ मध्ये पुनर्वसनावर आणि पर्यावरणाच्या अभ्यासावर कडक ताशेरे ओढले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नको म्हणून कळवले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीची घरे पाण्यात गेली. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर मणिबेलीतच होते. तेही पुढे बुडाले, आणि गुजरातने गोऱ्याजवळ नवे मंदिर बांधले. १८ ऑक्टोबर २००० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर भिंत टप्प्याटप्प्याने चढत गेली: ९०, ९५, १००, ११०, २००६ साली १२१.९२. दरवाजे २०१७ मध्ये बंद झाले, आणि १५ सप्टेंबर २०१९ रोजी पाणी प्रथमच पूर्ण पातळीला, म्हणजे १३८.६८ मीटरला पोचले.

ह्या प्रत्येक आकड्याबरोबर आमच्या तळोद्याच्या वर्गात काही नवी मुले यायची. पुनर्वसनासाठी तळोद्याच्या जंगलातली ४२०० हेक्टर जमीन मोकळी केली गेली आणि सोमावल, रोझवा, नर्मदानगर, रेवानगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. ह्या मुलांना 'गाव कोणते' असे विचारले की ती क्षणभर थांबत आणि मग विचारत, "सर, आताचं की मूळगाव?" हजेरीपटावर एकच रकाना असायचा. वसाहतीचे नाव लिहिले जाई. पण सुटी लागली की तीच मुले चांदसैली घाट चढून धडगावमार्गे मूळगावाला पळत, कारण कोणाचा काका, कोणाची आजी अजून वर डोंगरावर राहत होती. सगळेच काही खाली आले नव्हते.

जे वर राहिले त्यांची पंचाईत अशी झाली की पाणी नुसते नदीत वाढत नाही, ते प्रत्येक नाल्यात शिरते. काल ज्या नाल्यातून चालत दहा मिनिटांत शेजारच्या पाड्यावर जायचे, तिथे आज खोल पाणी. पाडे बेटांसारखे तुटले. पायवाटा बुडाल्या. मग बोट आली. रेशन बोटीने, बाजार बोटीने, लग्नाचे वऱ्हाड बोटीने. तरंगता दवाखाना आला. जिथे बोट लागत नाही तिथे आजाऱ्याला झोळीत घालून खांद्यावरून न्यायचे, त्याला आमच्याकडे 'बांबूलन्स' म्हणतात. नाव विनोदी आहे, प्रकार नाही. मणिबेली हे राज्यातले मतदान केंद्र क्रमांक एक. महाराष्ट्राच्या मतदारयादीची सुरुवात जिथून होते, तिथे मतदानाचे साहित्य बोटीने जाते!

बिलगावची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिथल्या धबधब्यावर गावकऱ्यांनी श्रमदान करून आणि केरळमधल्या तंत्रज्ञांची मदत घेऊन २००३ साली पंधरा किलोवॉटचे छोटे वीजकेंद्र उभारले. 'स्वदेस' चित्रपटातल्या विजेच्या प्रसंगामागे हेच गाव असल्याचे सांगतात. २००६ च्या पुरात ते केंद्र गेले. एका धरणाच्या वाट्यातली २७ टक्के वीज कागदावर असताना गावाने स्वतःची वीज केली, आणि ती पाण्यानेच नेली.

असो. हे सगळे ऐकल्यावर पुतण्या म्हणाला, "मग काका, जायचं की नाही?" प्रश्न रास्त होता. ज्या पाण्याखाली लोकांची घरे आहेत त्यावर डबे घेऊन सहलीला जावे का? मी म्हटले, जाऊ, पण बाजाराच्या दिवशी नाही. कारण साधे आहे. पुण्यात आपण खासगी गाडी केली म्हणून पीएमपीची बस बंद पडत नाही. इथे मात्र जी बोट आपण 'आपल्यापुरती' करतो तीच कदाचित त्या काठची एसटी असते. आपण तिच्यात ऐसपैस बसलो, तर कोणीतरी दुसऱ्या बोटीत दाटीवाटीने बसतो. आणि दाटीवाटीचा परिणाम आम्ही पाहिला आहे. १५ जानेवारी २०१९, संक्रांतीचा दिवस. नर्मदेच्या पूजेला निघालेल्या लोकांची बोट भुषा गावाजवळ उलटली. लहान मुलांसह कित्येकांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा खूप जास्त माणसे होती.

आम्ही भुषालाच बोटीत बसलो. नावाडी पन्नाशीचा, मूळचा बुडीत गावातलाच. जॅकेट सगळ्यांना मिळाली. नातवाची ढगळ होती ती सूनबाईंनी ओढणीने आवळून बांधली. पाणी खरोखर सुंदर दिसत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोन्हीकडे डोंगर, उतारावर तुरळक कौलारू आणि कुडाची घरे, मधेच कोणाची तरी माशांची जाळी. मासेमारीच्या सहकारी संस्था आदिवासींनी केल्या आहेत. काहींना पाण्याने तेवढे तरी परत दिले.

मला नवल वाटले ते नावाड्याच्या हाकण्याचे. मोकळ्या पाण्यात तो सरळ जाईना. मधेच डावीकडे वळे, मग परत उजवीकडे. पुतण्याने विचारले, "दादा, समोर तर काहीच नाही, मग वळता कशाला?" तो म्हणाला, "खाली मोहाची झाडं आहेत. आता लागत नाहीत. उन्हाळ्यात लागतात, म्हणून सवय ठेवली." पुढे एकदा म्हणाला, "इथून टेकाड आहे, आमच्या खळ्याच्या मागचं." हे सांगताना आवाजात काही चढउतार नव्हता. एसटीचा ड्रायव्हर पुढे गतिरोधक आहे म्हणून सांगेल, तसे.

ह्या जलाशयाची पातळी वर्षभर सारखी नसते. १३८.६८ पासून खाली ११०.६४ मीटरपर्यंत ती वापरासाठी उतरवता येते, म्हणजे अठ्ठावीस मीटरचा फरक. पाणी उतरले की वठलेल्या झाडांचे शेंडे जवळ येतात, काठावर गाळ उघडा पडतो आणि त्यात माणसे-गुरे रुततात. अशा पाण्यात बोट हाकायची तर खालचा गाव पाठ असावा लागतो. बाहेरचा माणूस कितीही भारी बोट घेऊन आला तरी हे त्याला कसे ठाऊक असणार?

म्हणूनच मला एका गोष्टीची काळजी वाटते. धरणाच्या पलीकडे, केवडियाला, २०१८ साली सरदार पटेलांचा पुतळा उभा राहिला. क्रूझ आली, २०२० मध्ये अहमदाबादहून समुद्री विमानसुद्धा सुरू झाले होते, ते पुढच्याच वर्षी थांबले. आपल्या बाजूलाही पर्यटन आणावे अशी चर्चा अधूनमधून होत असते. जरूर आणावे. पण ह्या पाण्याची वाट ज्याला ठाऊक आहे तो सुकाणूवर असावा, नुसता सामान उचलायला नव्हे. नाहीतर जमीन एकदा गेली, आता पाणीही जाईल.

शब्दांचा शिक्षक म्हणून एक शेवटचे. ह्या पाण्याला पाहुणे सरोवर म्हणतात, सरकारी कागदात ते जलाशय असते आणि तिथले लोक म्हणतात 'बुडीत'. पुतण्याच्या लेकीने परतताना गाडीत विचारले, "आजोबा, मी शाळेत लिहिताना काय लिहू?" मी म्हटले, तिन्ही लिही, आणि कोण काय म्हणतं तेही लिही. तिने वहीत बोटीचे चित्र काढले आहे. बोटीखाली एक झाड काढले आहे, पानांसकट. पुण्यातल्या बाईंना ते चुकीचे वाटेल बहुधा. मी तिला खोडू नको म्हणून सांगितले आहे.