मोठ्या ‘ओ’चं बारसं

मिलेटसच्या धक्क्यावर तुम्ही उतरता तेव्हा इसवी सनापूर्वीचं सहावं शतक चालू आहे. हा आयोनियाचा किनारा आज तुर्कस्तानात येतो. आत्ता इथे ग्रीक बोलतात. लोकरीच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत तुम्ही एका माणसाशेजारी उकिडवे बसता. देवाला वाहायच्या पेल्यावर तो अपोलोचं नाव कोरतोय, एकेक अक्षर पुटपुटत: ‘अपोल्लोऽन’. ‘पो’ आखूड, तिथे तो पुरा गोल काढतो. ‘ल्लो’ लांब, तिथे गोल खालून उघडा ठेवून दोन्ही टोकं बाहेर वळवतो.

या अक्षराला काय म्हणतात, विचारा. तो नुसता ‘ओऽ’ म्हणेल. अल्फा, बीटा ही नावं फिनिशियनांकडून अक्षरांसोबतच आली. अल्फा मूळचा ‘आलेफ’, म्हणजे बैल, आणि बीटा मूळचा ‘बेत’, म्हणजे घर. हे अक्षर मात्र आयोनियातल्या ग्रीकांनी स्वतः घडवून वर्णमालेच्या शेवटी बसवलं. त्याला उसनं नाव येणार कुठून?

आता अथेन्स, इ.स.पू. ४०३. तीस जुलूमशहांची सत्ता नुकतीच गेली आहे आणि आर्किनस या पुढाऱ्याच्या ठरावाने सरकारी लेखांना आयोनियन लिपी लागू झाली आहे. पाथरवटाच्या छिन्नीखालून संगमरवराचे कण तुमच्या पायावर उडतात. ‘जनतेला मान्य’ यातला ‘जनतेला’ हा शब्द तो कोरतोय. कालपर्यंत सरकारी शिळांवर आखूड ओ, लांब ओ आणि बऱ्याचदा ‘ऊ’सुद्धा एकाच गोलावर भागायचं, आज लांब ओला स्वतःची खूण मिळाली. नाव अजूनही ‘ओऽ’च. पुढे प्लेटोही ‘क्रॅटिलस’मध्ये नोंदवतो की चार अक्षरांना उच्चाराखेरीज वेगळं नाव नाही, आणि त्यांतलं हे एक.

चौदाशे वर्षं ओलांडा. अकराव्या शतकातलं कॉन्स्टँटिनोपल, पोरांनी भरलेला वर्ग. गुरुजी शुद्धलेखन घालतात: ‘लेगोमेन’. तुमच्या शेजारचा मुलगा थबकतो. आखूड ओ लिहिला तर अर्थ ‘आपण बोलतो’, लांब लिहिला तर ‘आपण बोलूया’. पण लांब-आखूड हा भेद बोलण्यातून कधीचाच पुसला गेलाय. गुरुजींच्या तोंडी दोन्ही अगदी सारखेच. आपल्याकडे ‘पहिली वेलांटी की दुसरी?’ विचारतात, तसा तो विचारतो: ‘ओ मिक्रॉन की ओ मेगा?’ धाकटा ओ की थोरला?

ही दोन्ही नावं या बायझंटाइन काळातली. मिलेटसच्या कारागिराला त्यांची गरज नव्हती, कारण फरक त्याच्या कानालाच कळत होता. तो कळेनासा झाल्यावर शाळेला बारसं करावं लागलं. नोव्हेंबर २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करोनाच्या नव्या अवताराला ‘ओमिक्रॉन’ म्हटलं, तेव्हा जगभर गेलं ते शुद्धलेखनाच्या तासातलं हेच नाव.