मांजराला कोण बघणार?

तिकिटं काढून झालेली असतात. हॉटेल ठरलेलं असतं, ऑफिसात रजा टाकलेली असते. मग माळ्यावरची सुटकेस खाली येते आणि ती दिसल्या दिसल्या घरातलं मांजर पलंगाखाली, अगदी भिंतीलगतच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. कुत्रा असता तर मावशीकडे सोडला असता, चार दिवसांत तो मावशीचाही झाला असता. पण हे पडलं बुजरं मांजर. दाराची बेल वाजली तरी कपाटामागे पळणारं. परक्या घरी नेलं तर ते जेवत नाही, आणि परकं माणूस घरी आलं तर ते दिसत नाही.

‘मांजराला कोण बघणार?’ हा प्रश्न आपल्या पणजीला विचारला असता तर तिला तो कळलाच नसता. वाड्यात, चाळीत, गावच्या घरात मांजर असायचंच. ते नेमकं कुणाचं, हे मात्र सांगता यायचं नाही. दूध एका घरी, माशाचं डोकं दुसऱ्या घरी, बाळंतपण तिसऱ्याच्या माळ्यावर. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं म्हणतात ते उगाच नाही. मे महिन्यात एक बिऱ्हाड कोकणात गेलं तर बाकीची बिऱ्हाडं होती, उंदीर होते. (म्हणजे सगळी मांजरं मजेत होती असं नाही. किती मेली हे कुणी मोजत नव्हतं, एवढंच.)

हा प्रश्न पडायला दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. मांजर एकाच घराचं व्हावं लागतं, आणि ते घर काही आठवडे कुलूपबंद व्हावं लागतं. या दोन्ही गोष्टी मोठ्या प्रमाणावर जुळलेल्या दिसतात त्या एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये. पण त्याआधी शंभरेक वर्षं मागे, त्याच शहरातल्या एका मांजराला भेटायला हवं, कारण खरी मेख काय आहे हे त्याच्या मालकाला फार लवकर कळलं होतं.

इंग्रजीचा मोठा शब्दकोश रचणारे डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या या मांजराचं नाव हॉज. जॉन्सन त्याला कालवं खाऊ घालत. तेव्हा लंडनमध्ये कालवं स्वस्त होती, त्यामुळे यात चैनीचा भाग नव्हता. गंमत अशी की घरात नोकर असताना जॉन्सन स्वतः बाजारात जाऊन ती आणत. असं का, याची दोन कारणं त्यांना ओळखणाऱ्या दोघांनी लिहून ठेवली आहेत. चरित्रकार बॉसवेल म्हणतो, मांजरासाठी नोकरांना खेटे घालावे लागले तर त्यांचा राग मांजरावर निघेल, ही जॉन्सनना भीती. त्यांच्या स्नेही हेस्टर पिओत्झी यांनी वेगळंच सांगितलं आहे. घरात फ्रान्सिस बार्बर नावाचा कृष्णवर्णीय नोकर होता, जमेकात गुलामगिरीत जन्मलेला. एका चार पायांच्या प्राण्याच्या सेवेला आपल्याला जुंपलंय असं वाटून त्याचा मान दुखावू नये, म्हणून जॉन्सन स्वतः जात.

मला दोन्ही खरी वाटतात. मांजर मागे ठेवून जाताना आपण खरं तर दोन जीवांचा विचार करत असतो, किंवा करायला हवा. एक मांजर, आणि दुसरा ज्याच्या हातात आपण किल्ली देतो तो माणूस. मांजराचे दिवस कसे जाणार हे त्या माणसाच्या मनात काय आहे यावर ठरतं.

व्हिक्टोरियन लंडनमध्ये असा माणूस रोज दारावरून जायचा. त्याचा धंदा मांजरांचं मांस विकण्याचा. शहरातल्या गाड्या घोडे ओढत. ते थकले, लंगडले की त्यांची रवानगी कत्तलखान्यात व्हायची. ते मांस उकडून, तुकडे करून, लाकडी काडीला ओवून हे लोक गल्लोगल्ली विकत. पत्रकार हेन्री मेह्यू याने १८५१च्या सुमारास लंडनच्या रस्त्यावर पोट भरणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यात हे विक्रेतेही आहेत. त्याने तर त्यांचा वेशही टिपून ठेवला आहे: चकाकती टोपी, काळं मखमली जाकीट, निळा एप्रन, गळ्यात निळापांढरा ठिपक्यांचा रुमाल. शहरात मांजरं किती, यावर एका विक्रेत्याशी त्याची हुज्जत झाली. विक्रेत्याचा अंदाज दहा माणसांमागे एक, म्हणजे दोन लाख. मेह्यूने घरांच्या संख्येवरून हिशेब करून आकडा तीन लाखांवर नेला.

हा माणूस ठरलेल्या वेळी यायचा आणि त्याची हाक मांजरं ओळखायची. घरात कुणी नसलं तर काडीवरचं मांस दाराखालून किंवा पत्रपेटीच्या फटीतून आत सरकवायचा. काही घरं गावाला जाताना त्यालाच आगाऊ पैसे देऊन जात. बुजऱ्या मांजरासाठी याहून चांगली सोय मला तरी सुचत नाही. आपली जागा तीच, वेळ तीच, वास तोच, आणि माणूस दाराबाहेर. १९०१च्या जानेवारीत लंडनमध्ये या विक्रेत्यांसाठी खास मेजवानी झाली होती. अडीचशेच्या आसपास लोक जेवायला आले, आणि अध्यक्षस्थानी होता मांजरांच्या चित्रांसाठी गाजलेला चित्रकार लुई वेन. मांजर सांभाळणाऱ्यांचा असा जाहीर सत्कार त्यानंतर कधी झाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

पण मांसवाल्याला पैसे देऊन जाणारी घरं सगळी नव्हती.

१८७१ हे वर्ष या गोष्टीत महत्त्वाचं आहे. त्या वर्षी ब्रिटनमध्ये बँक हॉलिडेचा कायदा झाला आणि ऑगस्टमधली एक सुट्टी पक्की झाली. त्याच जुलैत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वियर या चित्रकाराने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. उंदीर मारणारं जनावर तिथून हळूहळू दिवाणखान्यात आलं. माणसांना सुट्टी मिळाली आणि मांजराला प्रतिष्ठा, दोन्ही एकाच उन्हाळ्यात. श्रीमंत घरं तर त्याआधीपासूनच उन्हाळा संपता संपता लंडन सोडून खेड्यातल्या हवेलीवर किंवा समुद्रकाठी जात; आता रेल्वेमुळे मध्यमवर्गही निघाला. फर्निचरवर चादरी टाकल्या जात, नोकरांना सोबत नेलं जाई किंवा रजा दिली जाई. मांजराला अंगणात सोडून दार लावून घेतलं की झालं. ते उंदीर मारून खाईल, त्याचं ते बघेल, असा सगळ्यांचा समज. पण रोज दारात आयतं मांस खाणारं मांजर पोटापुरते उंदीर मारेलच असं नाही. आणि जे बुजरं आहे, ते दुसऱ्याच्या दारात जाऊन ओरडतही नाही.

या उपाशी मांजरांची संख्या एवढी झाली की त्यांच्यासाठी संस्था निघाल्या. बॅटरसीचं कुत्र्यांचं घर १८८३पासून मांजरंही घेऊ लागलं. १८८६मध्ये मेह्यू होम सुरू झालं. १८९६मध्ये कॅम्डेन टाउनमध्ये हरवलेल्या आणि उपाशी मांजरांची संस्था निघाली. ‘उपाशी’ हा शब्द तिच्या नावातच होता. तिथे आणलेल्या बहुतेक मांजरांना औषध देऊन मारलं जाई. ते क्रौर्य होतं का? तेव्हाच्या लोकांच्या मते ती दया होती. रस्त्यावर महिनाभर कुजत मरण्यापेक्षा बरं, असा हिशेब. तो हिशेब करायची वेळ ज्यांनी आणली, ते त्या वेळी समुद्रावर हवा खात होते.

आता अटलांटिक ओलांडून जाऊ, कारण याच पेचावर एका म्हाताऱ्या लेखकाने काढलेला तोडगा मला फार आवडतो. मार्क ट्वेन मांजरवेडा होता. १९०६च्या उन्हाळ्यात तो न्यू हॅम्पशायरमधल्या डब्लिन गावी भाड्याच्या घरात राहत होता. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, वय सत्तर. घरात मांजरं तर हवीत, पण उन्हाळा संपला की आपण जाणार, मग त्यांचं काय? त्याने तीन पिल्लं भाड्याने आणली. भाडं एवढं दिलं की तो गेल्यावरही त्यांची नीट देखभाल व्हावी. एकाचं नाव ठेवलं सॅकक्लॉथ, आणि दुसरी दोघं हुबेहूब सारखी दिसायची म्हणून दोघांचं मिळून एकच नाव, अ‍ॅशेस. गोणपाट आणि राख, बायबलमधली शोकाची खूण. हे त्याच्या चरित्रकाराने, अल्बर्ट बिगेलो पेन याने, नोंदवलं आहे. घर भाड्याचं, मांजरं भाड्याची. पण जाण्याच्या दिवसाची तरतूद येण्याच्या दिवशीच केलेली.

अशी तरतूद नसली की काय होतं, हे १९३९मध्ये दिसलं. ही सुट्टीची गोष्ट नाही, पण घर सोडून जाण्याचीच आहे. युद्ध तोंडावर आलं तेव्हा ब्रिटनमध्ये प्राणी पाळणाऱ्यांसाठी सरकारी समितीचं एक पत्रक निघालं. जमलं तर प्राण्यांना खेड्यात न्या. नेता आलं नाही आणि शेजाऱ्यांकडेही सोपवता आलं नाही, तर त्यांना मारून टाकणं हीच दया, असा त्याचा आशय. सक्ती नव्हती. तरीही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकट्या लंडनमध्ये सुमारे चार लाख मांजरं आणि कुत्री लोकांनी स्वतः नेऊन मारून घेतली, असं इतिहासकार हिल्डा कीन यांनी लिहिलंय. लंडनवर सलग बॉम्बवर्षाव सुरू झाला तो त्यानंतर वर्षभराने. पलंगाखाली दडलेल्या मांजराला ओढून काढून रांगेत उभी राहिलेली ती माणसं दुष्ट नव्हती. ‘मांजराला कोण बघणार?’ याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

मांजर पुरतं घरात आलं ते नंतर. १९४७मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या एड लो या तरुणाने मांजरासाठी वाळू मागायला आलेल्या शेजारणीला वाळूऐवजी शोषक मातीचे दाणे दिले, आणि लिटरचा धंदा सुरू झाला. त्याआधी मांजर बाहेर जाऊन येई, म्हणून ‘दार उघडं ठेवा’ एवढ्यावर भागायचं. आता चौदाव्या मजल्यावर, खिडकीला जाळी लावून, जन्मभर आत राहणारं मांजर शक्य झालं. ते पूर्णपणे आपल्यावर अवलंबून असतं, पाण्यासाठीसुद्धा.

कायदाही हळूहळू आला. १९६० साली ब्रिटनने प्राण्यांना सोडून देण्याविरुद्ध कायदा केला; त्यात कायमचंच नाही, तात्पुरतं सोडून जाणंही येत होतं. योगायोगाने त्याच वर्षीचा आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही, प्राणी भुकेने किंवा तहानेने तडफडेल अशा अवस्थेत त्याला विनाकारण सोडून जाणं गुन्हा ठरवतो. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात लिटरची पिशवीही येत नाही. १९६३च्या कायद्याने ब्रिटनमध्ये पैसे घेऊन प्राणी ठेवून घेणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला.

पण परवाना जागेला मिळतो, मांजराला काय वाटतं त्याला नाही. १९९७मध्ये स्वित्झर्लंडमधल्या केसलर आणि टर्नर यांनी बोर्डिंगमधल्या मांजरांचा दोन आठवडे अभ्यास केला. पहिल्या चार दिवसांत बऱ्याच मांजरांचा ताण उतरला. दोन तृतीयांश मांजरं पंधरवड्यात रुळली. उरलेल्यांना ते जड गेलं, आणि साधारण चार टक्के मांजरांचा ताण शेवटपर्यंत चढलेलाच राहिला; अशांना बोर्डिंगमध्ये ठेवूच नये, असं संशोधकांचं मत पडलं. म्हणजे चार दिवसांच्या गोवा ट्रिपसाठी बोर्डिंगमध्ये ठेवलेलं मांजर जरा सैलावू लागतं तोच आपण त्याला आणायला जातो. आणि घाबरलेलं मांजर ओरडतच असं नाही. बऱ्याचदा ते अंग चोरून, बुबुळं मोठी करून गप्प बसतं, आणि सांभाळणारे फोनवर सांगतात, ‘एकदम शांत आहे हो तुमचं मांजर.’ नेदरलँड्समध्ये २०१४मध्ये निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांपैकी निम्म्यांना लपायला खोकं दिलं, तर ती बिनखोक्याच्या मांजरांपेक्षा लवकर सावरली. एक साधं खोकं.

म्हणून शक्य असेल तर मांजर घरीच ठेवावं आणि माणूस बोलवावा. तो एकदा येऊन वाटी भरून जाणारा नको. मांजराने दोन-तीन दिवस तोंडात काहीच घेतलं नाही तर त्याच्या यकृतावर परिणाम होऊ शकतो, जाड मांजराच्या तर फारच. त्यामुळे वाटीतलं किती कमी झालं आणि लिटरमध्ये काय आहे, हे रोज बघणारा हवा. मांजर दिसलं नाही तरी चालेल. त्याला निघण्याआधी दोन-तीनदा घरी बोलवावं, तेही सुटकेस खाली काढण्यापूर्वी. मांजराला उचलून त्याच्या हातात देऊ नये. त्याने नुसतं फरशीवर बसावं आणि आपला फोन बघत राहावं.

आणि पैसे ठरवताना ट्वेनसारखे ठरवावेत. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला ‘अगं, तुला तर मांजरं आवडतातच ना’ म्हणून फुकटात राबवलं, तर जॉन्सनना जी भीती होती ती इथेही आहे. तिसऱ्या दिवशी तिची परीक्षा असते, पाऊस असतो, लिफ्ट बंद असते.

मग संध्याकाळी फोनवर तिने पाठवलेले तीन फोटो येतात. अर्धी रिकामी वाटी, लिटरमधले दोन गोळे आणि पलंगाखालच्या अंधारात चमकणारे दोन डोळे.