शरदाचे सीमोल्लंघन

भाद्रपद उतरणीस लागला म्हणजे भिलाईच्या हुडको वसाहतीत एक संधिकाल सुरू होतो. गणपती पाण्यात गेलेले असतात, मांडवाच्या बांबूंची भोके बुजलेली नसतात, आणि शिवनाथेच्या काठाकडे गेल्यास काशाचे पांढरे तुरे वाऱ्यावर डोलताना दिसतात. आमच्या घरी या दिवसांत वडिलांचे श्राद्ध येते. त्याच सुमारास शेजारच्या बंगाली कुटुंबात दुर्गापूजेची वर्गणी गोळा होऊ लागते. गेल्या खेपेस पान वाढताना आमच्या धाकट्या मुलाने विचारले, "बाबा, आजोबा याच पंधरवड्यात का येतात?" आम्ही पदवीधर खरे, वीस वर्षे पंचांगाच्या आधाराने रजेचे अर्जही लिहीत आलो; परंतु या प्रश्नास देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते शोधताना जे हाती लागले, ते आमच्यासारख्याच बदलीच्या गावी राहणाऱ्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शरद ऋतूचा आरंभ कोठून धरावयाचा, याविषयी आपल्या देशात एकवाक्यता नाही. राजपत्रावर इंग्रजी तारखेशेजारी जी शक तारीख छापलेली असते, ती राष्ट्रीय पंचांगाची होय. १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली. तीत नागपूरचे महामहोपाध्याय केशव लक्ष्मण दप्तरी आणि 'केसरी'चे ज. स. करंदीकर हे आपले दोघे विद्वान होते. समितीचा अहवाल १९५५ साली आला आणि २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवशी, नवी गणना अमलात आली. या गणनेत १ आश्विन नेहमी २३ सप्टेंबरलाच येतो, कारण त्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो आणि दिवस व रात्र जवळजवळ समान होतात. वैशाखापासून भाद्रपदापर्यंतचे पाच महिने ३१ दिवसांचे आणि आश्विनापासून फाल्गुनापर्यंतचे सहा महिने ३० दिवसांचे ठेवले आहेत. त्याचेही कारण आकाशातच आहे. पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्याच्या सर्वांत जवळ असते व त्या अर्ध्या वर्षात अधिक वेगाने चालते; म्हणून शरदसंपातापासून वसंतसंपातापर्यंतचा काळ उरलेल्या अर्ध्याहून सुमारे आठवडाभराने तोकडा असतो.

याउलट, घरातल्या पंचांगात तूळ संक्रांत पाहावी तर ती १७ ऑक्टोबरच्या आसपास सापडते. सूर्याने तुळेत पाऊल टाकले म्हणजे दिनरात्रीचा तराजू समतोल झाला, ही मूळची कल्पना. परंतु तो तराजू समतोल होऊन तीन आठवडे लोटल्यावर आपली संक्रांत येते. मकर संक्रांतीचेही तसेच. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरास, आणि तिळगूळ आपण वाटतो १४ किंवा १५ जानेवारीस. या अंतराचे नाव अयनांश. संपातबिंदू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दर ७२ वर्षांत सुमारे एक अंश मागे सरकतो. ताऱ्यांना धरून वर्ष मोजणारा ऋतूंपासून तेवढाच दुरावतो, आणि ऋतूंना धरून मोजणारा ताऱ्यांपासून. दोन्ही निष्ठा एकाच वेळी सांभाळणे शक्य नाही. पंचांगाचा सारा वाद या एका वाक्यात मावतो.

हा वाद महाराष्ट्राने ज्या हिरिरीने लढविला, तसा क्वचितच कोणी लढविला असेल. केरो लक्ष्मण छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात आधुनिक वेधांच्या आधारे पंचांग करण्याचा पायंडा पाडला. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ऋतूंना धरून चालणाऱ्या सायन पंचांगाचा पुरस्कार केला. दीक्षित हे शिक्षकी पेशातले गृहस्थ. ते १८९८ साली ऐन उमेदीत वारले. परंतु १८९६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास आजही त्या विषयाचा आधारग्रंथ आहे. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्यावरून अयनांश मोजले, तर लोकमान्य टिळक रेवतीच्या पक्षाचे. म्हणूनच आजही टिळक पंचांगाचा अधिक मास कधी कधी इतरांहून निराळा पडतो, आणि एका घरात दसरा होऊन जातो तेव्हा दुसऱ्या घरात तो महिनाभर पुढे असतो.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस टिळकांच्याच 'ओरायन' या १८९३ सालच्या ग्रंथात मिळाले. टिळकांचे म्हणणे असे की, वेदकालाच्या एका थरात वसंतसंपात मृगशीर्षात होता. तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे चार हजार वर्षांचा. त्या वेळी सूर्याचे उत्तरेकडे वळणे फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास येई व वर्षाचा आरंभ तेथून होई. तेथून सहा महिने मोजले की दक्षिणायनाचा आरंभ भाद्रपदी पौर्णिमेस पडतो. दक्षिणायन म्हणजे पितृयान, पितरांचा मार्ग. अर्थात् त्या मार्गावरचा पहिला पंधरवडा म्हणजे भाद्रपदाचा कृष्णपक्ष होय, आणि तोच पितृपक्ष. पारशी लोकांच्या मृतांच्या स्मरणदिवसांचीही सांगड टिळकांनी याच्याशी घातली आहे.

हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे, हे आम्ही जाणतो. चैत्र-वैशाख ही नावे वेदसंहितांत महिन्यांची म्हणून आढळत नाहीत. तेथे शरदाच्या दोन महिन्यांस इष आणि ऊर्ज म्हटले आहे. परंतु याच भेदात एक मौजेची गोष्ट दडलेली आहे. इष आणि ऊर्ज ही ऋतूंची नावे. ती ऋतूंना सोडून जाऊ शकत नाहीत. भाद्रपद आणि आश्विन ही नक्षत्रांवरून पडलेली नावे. ती नक्षत्रांबरोबर प्रवास करतात. टिळकांचा तर्क मान्य केला, तर पितृपक्ष मुळात शरदाचा नव्हेच. तो दक्षिणायनाच्या तोंडी होता, आणि हजारो वर्षांत नक्षत्रांच्या पाठीवर बसून ऋतुचक्रात सुमारे तीन महिने पुढे येऊन शरदाच्या उंबऱ्यावर थांबला आहे. आमचे पितर, असे म्हणावयास हरकत नाही, आमच्यासारखेच बदलीवर आलेले आहेत.

युरोपातही मृतांचे स्मरण शरदातच होते. आयर्लंडच्या केल्ट लोकांचा 'सॉविन' हा सण १ नोव्हेंबरचा. त्यांच्या गणनेत दिवस सूर्यास्ताने सुरू होई, म्हणून त्याची रात्र ३१ ऑक्टोबरची. उन्हाळी कुरणांतली गुरे त्या सुमारास खाली आणीत, हिवाळ्याकरिता काही मारीत, आणि वर्षाचा अंधारा अर्धा भाग सुरू झाला असे मानीत. त्या रात्री या लोकाची व परलोकाची दारे उघडी राहतात, असा समज होता. पुढे चर्चने सर्व संतांचा व सर्व मृतात्म्यांचा दिवस त्यास लागूनच ठेवला, आणि आयरिश लोकांबरोबर अमेरिकेस गेल्यावर कोरलेल्या सलगमाच्या जागी भोपळा आला. १८९७ साली फ्रान्सातील कोलिन्यी येथे गॉल लोकांच्या पंचांगाचा फुटका कांस्यपट सापडला. त्यात चांद्रमास आहेत, प्रत्येक मासाचे दोन भाग पाडले आहेत, आणि पाच वर्षांत दोन अधिक मास घातले आहेत. आपल्या वेदांगज्योतिषाचे युगही पाच वर्षांचे आणि दोन अधिक मासांचेच होते. हे साम्य पाहून आम्ही काही काळ हरखून गेलो.

परंतु हरखून जाऊन भागणार नाही. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ घालू पाहणारा कोणताही समाज अधिक मासापाशीच येऊन ठेपणार. पाच वर्षांत साधारणपणे दोन मास साठतात, हा हिशेब कोणाच्या मालकीचा नाही. सॉविनची मुळे गुरांच्या वेळापत्रकात आहेत, पितृपक्षाची आकाशाच्या. दिसण्यात सारखेपणा असला म्हणून दोहोंचा गोत्रज एक ठरत नाही. शिवाय आयरिश कथा लिहून ठेविल्या त्या ख्रिस्ती मठवासीयांनी, तेव्हा त्यांतले जुने किती व नवे किती हे सांगणे कठीण. आज पाश्चात्त्य देशांत निसर्गपूजकांचे जे आठ सणांचे वर्षचक्र प्रचारात आहे, ते विसाव्या शतकाच्या मध्यास जुळविलेले आहे, आणि शरदसंपाताच्या त्यांच्या सणास 'मॅबन' हे नाव १९७० च्या दशकात मिळाले. टॅरोच्या पत्त्यांचेही असेच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते निव्वळ खेळावयाचे पत्ते होते. १७८१ साली एका फ्रेंच पंडिताने त्यांत इजिप्तचे गूढ ज्ञान असल्याचे जाहीर केले, आणि राशींशी त्यांची जोड त्यानंतरची. आता न्यायदेवतेचे पान तूळ राशीचे व शरदाचे मानतात. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफाही गोल, हाताने रंगविलेल्या. दशावतारी संचात दहा रंगांची १२० पाने, आणि नवग्रहांचे व राशींचेही संच होत असत. ग्रह हातात घेऊन आमचे पूर्वज पत्ते खेळले, परंतु त्यावरून त्यांनी भविष्य सांगण्याचा धंदा मांडल्याचे आमच्या वाचनात नाही.

आता आमच्या वसाहतीकडे वळू. ऋतूच्या या पालटाचा अर्थ मराठ्यांनी एका वेगळ्या रीतीने लावला होता. पाऊस ओसरला, नद्या उतारास आल्या, वाटा वाळल्या, घोड्यांस चारा मिळू लागला, म्हणजे दसऱ्यास शमीचे पूजन करून सीमा ओलांडावयाची. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांनी १७४१ साली छत्तीसगडात उतरून रतनपूरच्या हैहयवंशी राजास नमविले, आणि पुढल्याच वर्षी ते बंगालवर चालून गेले. पावसाळ्यात त्यांचा तळ काटव्याच्या परिसरात पडला. शरद आला तेव्हा त्यांनी तेथे मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने १७५१ साली लिहिलेल्या 'महाराष्ट्र पुराणा'त या पूजेची हकीकत आहे, आणि तिच्याकरिता जमीनदारांकडून कसे साहित्य उकळले, तेही आहे. पूजा पुरी झाली नाही. अलिवर्दीखानाने नदी ओलांडून पहाटे छापा घातला आणि मराठ्यांस पूजा टाकून पळावे लागले. त्या दिवसाची तारीख इतिहासकार २७ सप्टेंबर १७४२ देतात. ती इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या गणनेची होय. इंग्रजांनी १७५२ साली अकरा दिवस गाळून नवी गणना स्वीकारली, आणि त्या नव्या हिशेबाने तो दिवस ८ ऑक्टोबर येतो. तारीख बदलली, चंद्र मात्र दोन्ही हिशेबांत नवरात्र संपविण्याच्या बेतात असलेलाच राहिला. सीमोल्लंघनाच्या मुहूर्तावर मराठ्यांस माघारीची सीमा ओलांडावी लागली, असा हा एक दसरा.

आमचे बंगाली शेजारी हे विसरलेले नाहीत. पूजेच्या मांडवात आम्ही शिरलो की त्यांच्या वृद्ध मातोश्री हसून "बर्गी आले" म्हणतात आणि प्रसादाचा द्रोण हातात ठेवतात. ज्या नावाने त्यांच्याकडे लहान मुलांस निजविण्यासाठी भीती घालीत, ते नाव आता थट्टेचे झाले आहे. परंतु थट्टेच्या खाली दुःख आहे हे त्या जाणतात, आणि आम्हीही. शौर्याच्या बखरी वाचून वाढलेल्या आमच्यासारख्यास त्या द्रोणापुढे मान खाली घालावी लागते, आणि ती घालावी हेच योग्य होय.

याच भोसल्यांचा दुसरा वारसा आम्हांस येथेच सापडतो. रघूजींचे पुत्र बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. रामटेकडीवरील राममंदिर त्यांचे; मोडी लिपी व मराठी भाषा या मुलखाच्या दफ्तरांत आली ती त्यांच्याच अमदानीत; आणि विजयादशमीस सोने म्हणून पाने देण्याची येथील चाल त्यांनी सुरू केली, असे छत्तीसगडचा इतिहास सांगतो. आज येथील लोक तिला सोनपत्ती म्हणतात. दसऱ्याच्या संध्याकाळी हाताखालचा शिपाई आमच्या हातावर पाने ठेवून पाया पडू लागतो, तेव्हा ती चाल आपली आहे हे त्याला सांगावेसे वाटत नाही. अडीच शतकांनंतर ती त्याचीच झाली आहे. एका सीमोल्लंघनाचे बंगालात भय उरले, दुसऱ्याचे छत्तीसगडात पान उरले. दोन्ही एकाच घराण्याची, एकाच ऋतूतली.

आता उरला तो पंचांगाचा प्रश्न. साहा समितीने सुचविले होते की, सणांकरिता संपातबिंदूपासूनचे अंतर २३ अंश १५ कला एवढेच कायमचे धरावे, म्हणजे ते ऋतूंपासून याहून अधिक दूर जाणार नाहीत. घरोघरच्या पंचांगांनी ते मानले नाही. भास्कररामांच्या दसऱ्यापासून आजवर हे अंतर सुमारे चार दिवसांनी वाढले आहे. आणखी दोन हजार वर्षांनी ते जवळजवळ महिन्याने वाढेल. तेव्हा दसरा थंडीत येईल, आणि पाऊस संपला म्हणून सीमा ओलांडावी या म्हणण्यास अर्थ राहणार नाही. बुद्धीने पाहू जाता आम्ही लेले-दीक्षितांच्या बाजूचे. पण वडिलांची तिथी आली की घरातल्या पंचांगाकडेच हात जातो. कारण त्यांनी त्यांच्या वडिलांचे पान याच पंचांगाने वाढले होते.

मुलास आम्ही शेवटी एवढेच सांगितले, "आजोबा फार दुरून येतात, वाटेत त्यांचा ऋतूही बदलला, तरी ते ताऱ्यांची खूण धरून यायचे सोडत नाहीत." त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "मग आपली बदली झाली तरी त्यांना घर सापडेल ना?" आम्ही पानावर पाणी फिरविले आणि सापडेल, असे म्हणालो. पंधरा दिवसांनी पलीकडच्या मांडवात ढाक वाजू लागला, आणि तो आमच्याआधी तेथे जाऊन बसला होता.