लुकास डिस्ट्रिब्युटर : ओळख आणि पडताळणी
इतिहाससंशोधनातील बहिरंग व अंतरंग परीक्षणाची पद्धती यंत्रभागांनाही लागू पडते. ब्रिटनमध्ये १९६२ साली आलेल्या एमजीबी मोटारीतील लुकास '२५डी४' डिस्ट्रिब्युटर हे याचे उत्तम उदाहरण होय. वापरलेल्या डिस्ट्रिब्युटरच्या कवचावरील क्रमांकावरून तो कोणत्या इंजिनासाठी घडविला हे, तर लगतच्या अंकांवरून निर्मितीचा आठवडा व वर्ष कळते. तथापि, दुरुस्तीत आतील स्प्रिंगा बदललेल्या असल्यास हा पुरावा फसवा ठरतो. ठिणगी वेळेआधी पडून पिस्टन निकामी होऊ शकतो. म्हणून स्प्रिंगा, कॅमवर कोरलेले अंश (क्रँकशाफ्टवर ते दुप्पट होतात) आणि व्हॅक्यूम युनिटवरील अंक मूळ तपशिलाशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. सारांश, कवचावरून ओळख पटते; खात्री मात्र अंतरंग परीक्षणानेच होते.