लहान वीजघर, लहान नदी



१८९७ साली दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे डोंगरी ओढ्यांच्या पाण्यावर आपल्या देशातले पहिले जलविद्युत केंद्र सुरू झाले. ६५ किलोवॅटची दोन यंत्रे, मिळून १३० किलोवॅट. पुढे १९०२ साली कावेरीवर शिवसमुद्रम झाले, १९१५ साली खोपोली झाली, आणि खोपोलीच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. तेव्हा पाण्याच्या विजेशी कामगाराचे वैर नाही, हे आधीच सांगतो.

माझे भांडण आहे ते ‘लहान’ या शब्दाशी. आपल्याकडे २५ मेगावॅटपर्यंतचे वीजघर लहान समजतात. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने २५ मेगावॅटच्या आतल्या जलविद्युत प्रकल्पांना पर्यावरणाच्या पूर्वमंजुरीतून वगळले. मोठे धरण नाही, गावे बुडत नाहीत, मग नुकसान कसले, असा त्यामागचा विचार.

पण हे वीजघर चालते कसे? नदीवर बांध घालायचा, पाणी कालव्याने डोंगराच्या कडेला न्यायचे, मोठ्या नळातून खाली यंत्रावर सोडायचे आणि पुन्हा नदीत द्यायचे. पाणी खर्च होत नाही, हे खरे. तथापि बांधापासून वीजघरापर्यंतची नदी उन्हाळ्यात जवळजवळ कोरडी पडते. उरलेले उथळ पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. अंडी घालायला वर चढणारा मासा बांधाशी अडतो. कर्नाटकात नेत्रावतीच्या डोंगरी उपनद्यांचा असा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. बांध घातलेल्या प्रवाहांत पाण्याची खोली व उष्णता बदललेली आढळली आणि माशांच्या जातीही बदललेल्या आढळल्या.

ही ‘लहान’पणाची सवलत मला ओळखीची वाटते. १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेला दहा कामगारांची मर्यादा होती. मी संघटनेत नवा असताना एका मालकाने एकाच छपराखाली तीन नावांच्या पाट्या लावून प्रत्येकीखाली आठ-आठ माणसे दाखविली होती. एका पोराची दोन बोटे प्रेसमध्ये गेली, तेव्हा ‘हा कारखानाच नव्हे’ असे उत्तर आम्हांला मिळाले. बोटे मात्र मोठ्या कारखान्यातल्यासारखीच तुटली होती.

नदीचेही तसेच आहे. एका नदीवर एकाखाली एक चार वीजघरे झाली, तर कागदावर चारही लहान. नदीला मात्र चारांचा भार एकत्र सोसावा लागतो. मुळशीला शेती बुडणार होती, म्हणून १९२१ साली शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले. ओढा आटतो तेव्हा कोणाची जमीन बुडत नाही, आणि मासे सत्याग्रह करीत नाहीत.

म्हणून मागणी साधी आहे. वीजघराचा लहानमोठेपणा यंत्राच्या ताकदीवरून न ठरविता नदीतले किती पाणी उचलले यावरून ठरवा. एका नदीवरची सारी वीजघरे एकत्र मोजा. बाराही महिने पात्रात वाहते पाणी ठेवा, आणि माशाला वर जायला वाट ठेवा. वीज थोडी कमी निघेल. आठ तासांचा दिवस मागितला तेव्हाही माल कमी निघेल असेच मालक म्हणत होते.